तेल कोणाचे, हिशेब कोणाचा?



या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, साहित्यिक बोलतात, डॉक्टर बोलतात. माझ्यासारख्या रात्रशाळेत शिकलेल्या माणसाला चालकांनी बोलाविले तेव्हा मी त्यांना म्हणालो की मला गेटसभेत बोलण्याची सवय आहे. तिथे समोरची माणसे उभी असतात, पाळीची वेळ झालेली असते, आणि दहा मिनिटांत मुद्द्यावर आले नाही तर ती निघून जातात. ते म्हणाले, "तसेच बोला." तेव्हा आज मी गेटसभेसारखेच बोलणार आहे. आपण बसलेले आहात एवढाच फरक.

माझा विषय तेलाचा आहे. चेंबूरकराला तेल काय हे सांगावयास नको. रात्री माहूलच्या बाजूला पाहिले की चिमणीच्या टोकावर जाळ दिसतो. आमची मुले लहानपणी त्याला 'कंपनीचा दिवा' म्हणत. वारा फिरला की घरात वास येतो आणि बाया खिडक्या लावून घेतात. आपल्यातील अनेकांची पोटे त्या जाळावर भरली आहेत आणि अनेकांची छाती त्या वासाने भरली आहे. पण हा जाळ कोणाचा, तो येथे कसा आला, त्याचे मालक कसे बदलले आणि त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा, हे मात्र आपण फारसे विचारीत नाही. आज ते विचारू.

आणि विचारताना मी आपल्याला एका दूरच्या देशातही घेऊन जाणार आहे. तो देश म्हणजे आफ्रिकेतील नायजेरिया. चेंबूरच्या सभेत नायजेरिया कशाला, असे कोणी म्हणेल. याचे कारण असे, की ज्या शेल कंपनीचे चिन्ह एकेकाळी आपल्या माहूलच्या फाटकावर होते, तेच चिन्ह त्या देशातील तेलविहिरींवरही होते. येथे ती बर्मा-शेल म्हणून आली, तेथे शेल-बीपी म्हणून. एकाच शिंपल्याने दोन गरीब, नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांत घरे केली. दोन्ही देश अनेक भाषांचे, अनेक जातिजमातींचे. दोन्ही इंग्रजांच्या हातून सुटलेले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि नायजेरिया त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी स्वतंत्र झाला. पाच महिन्यांचे अंतर. म्हणजे आपले राज्य आणि तो देश हे जवळजवळ जुळे भाऊच म्हणावयाचे. दोघांचे काय झाले ते शेजारी ठेवून पाहिले तर आपल्याच घरातल्या काही गोष्टी नीट दिसतात.

प्रथम आपल्या घरचे पाहू. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात तेल शुद्ध करण्याचा कारखाना म्हणण्यासारखा एकच होता, आसामात दिग्बोईला. बाकी सारे रॉकेल, पेट्रोल बाहेरून तयार होऊन येई. १९५१ च्या अखेरीस सरकारने परदेशी कंपन्यांशी करार केले आणि तुर्भ्याच्या खाडीकाठी दोन कारखाने उभे राहिले. स्टॅनव्हॅकचा १९५४ साली सुरू झाला. पुढे त्याचे नाव एस्सो झाले. बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला. समुद्रात बुचर बेटावर, ज्याला पुढे जवाहर द्वीप हे नाव मिळाले, तेथे बोटी लागू लागल्या आणि कच्चे तेल नळांतून माहूलला येऊ लागले. मिठागरे, भातखाचरे आणि कोळीवाडे असलेले चेंबूर-तुर्भे पाहता पाहता कारखान्यांचे गाव झाले. कामाला माणसे आली ती साऱ्या मुलखांतून. फाळणीनंतर येथे वसविलेले सिंधी होते, पंजाबी होते, तमिळ होते, मल्याळी होते, कोकणातले होते, घाटावरचे होते. पाळीच्या भोंग्याला जात नव्हती आणि भाषाही नव्हती.

पण त्या करारांत काय होते ते ऐका. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, असे वचन सरकारने दिले होते. कच्चे तेल कोठून आणावयाचे हे कंपनीने ठरवावयाचे होते. आणि किंमत? ती इराणच्या आखातातील भावावर ठरे. म्हणजे माल माहूलला तयार झाला तरी तो जणू आखातातून तयार होऊन आला आहे असे समजून, बोटभाडे लावून गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावयाचे. आपल्या विहिरीचे पाणी शेजारच्या गावच्या टँकरच्या भावाने विकत घेण्यासारखाच हा प्रकार होता. १९६० साली सोव्हिएट रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले. सरकारने कंपन्यांना सांगितले, हे तुमच्या कारखान्यात शुद्ध करून द्या. कंपन्यांनी नकार दिला. करार त्यांच्या बाजूने होता! कारखाना आपल्या जमिनीवर, कामगार आपला, गिऱ्हाईक आपले, आणि चुलीवर काय चढवावयाचे हे ठरविणारा मात्र दुसराच.

येथे एका माणसाची आठवण केली पाहिजे. केशवदेव मालवीय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हट्टाने तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा केला. या देशात शोधण्यासारखे तेल फारसे नाही, असा परदेशी कंपन्यांचा सूर होता. १९५८ साली खंबायतजवळ तेल लागले, १९६० साली अंकलेश्वरला लागले. १९६१ साली दामले समितीने कंपन्यांच्या किमतींची चौकशी केली आणि किमती उतरवाव्या लागल्या. हिशेब मागितला की किंमत उतरते, हा पहिला धडा येथे लिहून ठेवा.

पुढे १९७४ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या तराफ्याने भोक पाडले आणि बॉम्बे हायला तेल लागले. १९७६ च्या मे महिन्यात ते बाहेर येऊ लागले. याच दोन वर्षांत कारखान्यांचे मालक बदलले. १९७४ साली संसदेने कायदा करून एस्सो घेतली आणि हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. १९७६ च्या जानेवारीत बर्मा-शेल घेतली आणि पुढच्या वर्षी तिला भारत पेट्रोलियम हे नाव मिळाले. गोळी सुटली नाही की लूट झाली नाही. वाटाघाट झाली, मोबदला दिला, कायदा झाला. फाटकावरचा शिंपला उतरला.

आता त्या दुसऱ्या घरात जाऊ.

नायजेरियात १९५६ साली ओलोइबिरी नावाच्या खेड्यात तेल लागले. नायजर नदीच्या मुखाशी खाड्यांचा, दलदलीचा, मासेमारीचा हा मुलूख. आपल्या माहूल-तुर्भ्याची आठवण व्हावी असा. १९५८ पासून तेल बोटींतून बाहेर जाऊ लागले. दोन वर्षांनी स्वातंत्र्य मिळाले. इंग्रजांनी जाताना देश तीन प्रांतांत वाटलेला होता. उत्तरेत हौसा आणि फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो. अडीचशेहून अधिक जमातींच्या देशाला तीनच खोल्या! प्रत्येक खोलीत एक थोरला भाऊ आणि बाकीची बिऱ्हाडे पडवीत. तेल होते ते बहुतांशी या पडवीतल्या लहान जमातींच्या पायाखाली.

१९६६ च्या जानेवारीत लष्करी बंड झाले, जुलैत दुसरे झाले. उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. १९६७ च्या मे महिन्यात लष्करी सरकारने एका हुकमाने चार प्रांतांची बारा राज्ये केली आणि त्यानंतर तीनच दिवसांनी पूर्व प्रांताने बियाफ्रा म्हणून वेगळे झाल्याचे जाहीर केले. यादवी युद्ध १९७० च्या जानेवारीपर्यंत चालले. दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत माणसे मेली असा अंदाज सांगतात, आणि त्यांतली पुष्कळशी गोळीने नव्हे, उपासमारीने मेली. तेल हे त्या युद्धाचे एकमेव कारण नव्हते, असे मी मुद्दाम सांगतो. पण तेल नसते तर कोणाला कोठली रेषा कोठून जावी याची एवढी घाई झाली नसती.

युद्ध संपले आणि तेलाचे भाव चढले. १९७३ नंतर तर पैशाचा पूर आला. आणि येथेच, मित्रांनो, माझ्या भाषणाचा गाभा आहे. त्यापूर्वी त्या देशाचे सरकार कशावर चाले? उत्तरेच्या भुईमुगावर, पश्चिमेच्या कोकोवर, पूर्वेच्या ताडतेलावर. कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे डोंगर रचलेले असत, इतके उंच की त्यांना पिरॅमिड म्हणत. शेतकरी पिकवी, सरकार त्यावर कर घेई. शेतकरी रुसला तर सरकार उपाशी. तेलाचा पैसा आला तशी सरकारला शेतकऱ्याची गरज उरली नाही. भुईमुगाचे ते डोंगर नाहीसे झाले. परदेशी चलनाच्या शंभर रुपयांतले नव्वदच्या आसपास तेलातून येऊ लागले. जे सरकार लोकांच्या घामावर चालत नाही त्याला लोकांना उत्तर देण्याचे कारण उरत नाही. त्याला फक्त नळाचा कॉक आपल्या हातात ठेवावा लागतो. मग कॉक ज्याच्या हातात त्याचे राज्य. आणि कॉक हातात घेण्यासाठी सर्वांत सोपे हत्यार म्हणजे बंदूक. १९६६ पासून १९९९ पर्यंतच्या तेहेतीस वर्षांत चार वर्षे सोडली तर त्या देशावर बहुतेक सारा काळ लष्कराचेच राज्य होते.

राज्ये वाढत गेली. बाराची १९७६ साली एकोणीस झाली, आणि १९९६ पर्यंत छत्तीस. आपण भाषावार राज्ये मागितली, तीही वाढत गेली. मग फरक काय? आपल्याकडे लोकांनी मागितले, मोर्चे काढले, फ्लोरा फाउंटनला गोळ्या खाल्ल्या, निवडणुकीत मते दिली आणि दिल्लीला झुकावे लागले. तेथे एका सेनाधिकाऱ्याने सही केली आणि राज्य झाले. लोकांनी मिळविलेले राज्य आणि वरून वाटलेले राज्य यांत, कमावलेला पगार आणि फेकलेली बक्षिसी यांत असतो तेवढाच फरक असतो. बक्षिसी घेणारा हिशेब मागू शकत नाही.

तेल जेथून निघते त्या भागाला किती द्यावयाचे? स्वातंत्र्याच्या वेळी त्यांच्या घटनेत नियम होता की निम्मे त्या प्रांताला. लष्करी राजवटीत तो वाटा घसरत घसरत शंभरात दोनतीनवर आला. १९९९ च्या घटनेने तो किमान तेरा केला. दरम्यान खाड्यांत तेल सांडले, मासे मेले, शेते काळी झाली. ओगोनी नावाच्या लहान जमातीने आवाज उठविला. त्यांचा पुढारी केन सारो-विवा हा लेखक होता. १९९५ च्या नोव्हेंबरात लष्करी सरकारने त्याला आणि त्याच्या आठ साथीदारांना फाशी दिले.

आता कोणी म्हणेल, बरे झाले बुवा, आपण असे नाही. थांबा. एवढ्या लवकर पाठ थोपटून घेऊ नका.

आपल्याकडेही तेल निघाले की वाट्याचा प्रश्न निघालाच. आसामात नहारकटियाला तेल सापडले आणि ते शुद्ध करण्यासाठी बिहारात बरौनीला न्यावयाचे ठरले, तेव्हा आसामी माणूस उठला. त्याने चळवळ केली म्हणून १९६२ साली गुवाहाटीला कारखाना झाला; बरौनीचाही झाला. १९७९ च्या अखेरीपासून आसाम आंदोलनात त्याच लोकांनी तेल बाहेर जाऊ दिले नाही. रक्त देऊ, तेल देणार नाही, अशी त्यांची घोषणा होती. त्या आंदोलनाच्या काळात फार वाईटही घडले, ते मी झाकणार नाही. पण 'आमच्या पायाखालचे तेल, आम्हांला काय?' हा प्रश्न नायजरच्या खाडीत आणि ब्रह्मपुत्रेच्या काठी सारखाच होता.

आणि आपला महाराष्ट्र? बॉम्बे हाय म्हणताना आपली छाती फुगते. पण त्या तेलाची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? जमिनीवर तेल निघाले तर गुजरातला, आसामला रॉयल्टी मिळते. समुद्राखालचे सारे मात्र संविधानाच्या २९७ व्या कलमाने केंद्राचे आहे. नायजेरियात हाच वाद झाला. २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किनाऱ्याच्या राज्याची हद्द ओहोटीच्या रेषेपर्यंतच. मग राज्यांनी ओरड केली आणि २००४ साली कायदा करून दोनशे मीटर खोलीपर्यंतचे समुद्रातले तेल वाट्यासाठी त्या त्या राज्याचे धरावयाचे ठरले. मी येथे दिल्लीशी भांडण लावून देण्यास उभा नाही. समुद्र साऱ्या देशाचा आहे, हे म्हणणे मला पटते. नाहीतर ज्या राज्याला किनारा नाही त्याने काय करावे? पण मग साऱ्या देशाचे म्हणून जे घेतले ते साऱ्या देशासाठी कसे खर्च झाले, हे विचारण्याचा हक्क साऱ्या देशाला आहे. मालकी दूर गेली म्हणून हिशेब दूर जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिची मला लाज वाटते. २००३ साली हिंदुस्थान आणि भारत पेट्रोलियम विकण्याचा बेत होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या कंपन्या संसदेने कायदा करून घेतल्या आहेत, तो कायदा बदलल्याशिवाय त्या विकता येणार नाहीत. म्हणजे तो १९७६ चा कायदा आपल्या फाटकाची कडी होता. २०१६ साली जुने, निरुपयोगी कायदे रद्द करण्याचा एक ढीग संसदेत गेला. त्या ढिगात बर्मा-शेलचा कायदाही गेला. कडी निघाली. मी कामगार चळवळीतला माणूस, चेंबूरमध्ये राहणारा. मला ते कळले केव्हा? २०१९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने भारत पेट्रोलियममधला सरकारचा हिस्सा विकावयाचे ठरविले तेव्हा, वर्तमानपत्रात वाचून. पुढे गिऱ्हाइके टिकली नाहीत आणि २०२२ च्या मे महिन्यात तो बेत थांबला, हा भाग निराळा. विकावी की न विकावी यावर दोन मते असू शकतात, तुमच्यातही असतील. पण कडी निघताना घरातल्या माणसाला आवाजही येऊ नये? दोष मी सरकारला थोडा देतो आणि स्वतःला जास्त देतो. पहारेकरी झोपला तर चोराला शिव्या देऊन काय उपयोग?

आता मी माझ्या स्वतःच्या हिशेबाकडे येतो. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपली वही आधी उघडली पाहिजे.

आपल्याला कदाचित ठाऊक नसेल, कंत्राटी कामगारांच्या लढ्यातला एक मोठा निकाल आपल्या तुर्भ्याचा आहे. स्टॅनव्हॅकच्या कारखान्यात साफसफाईचे काम ठेकेदाराची साठसत्तर माणसे करीत. काम बारमाही, कारखान्याला आवश्यक, पण माणसे ठेकेदाराची. कायम कामगारांनीच त्यांच्यासाठी मागणी केली, की ही ठेकेदारी बंद करा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६० साली न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. काम कायमचे असेल आणि कारखान्याला रोज लागणारे असेल तर ते ठेक्यावर ठेवू नये, हे तत्त्व त्यातून पुढे आले आणि १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात उतरले. पाहा, कायम कामगार स्वतःसाठी लढत नव्हते. झाडूवाल्यासाठी लढत होते.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, याच पट्ट्यातील एका कारखान्यात, मी युनियनचा पदाधिकारी होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक माझी होती. तीन वर्षांचा करार झाला. पगारवाढ चांगली मिळाली, घरभाडे मिळाले. फाटकावर सभा झाली, पेढे वाटले. मी करार वाचून दाखविला. सभा संपल्यावर एक वयस्क माणूस माझ्याजवळ आला. टाक्या साफ करणारा, ठेकेदाराचा. अठरा वर्षे त्याच फाटकातून आत येत होता. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही वाचलंत ते सगळं ऐकलं. आमची ओळ कुठं आली त्यात?"

मी म्हणालो, "पुढच्या करारात बघू."

तो म्हणाला, "पुढच्या करारापर्यंत मी नसेन, भाऊ. पण चालेल." आणि त्याने पेढा घेतला.

त्या रात्री मी झोपलो नाही असे म्हणणार नाही. झोपलो. झोप उडाली ती पुढे, मी नायजेरियाविषयी वाचू लागलो तेव्हा. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला त्या देशाच्या इतिहासावर एक पुस्तक मिळाले. शब्दकोश शेजारी ठेवून ते मी चार महिन्यांत वाचले. त्यात ते भुईमुगाचे डोंगर आले आणि मला एकदम उमगले. सरकार तेलावर चालत होते म्हणून ते तेलाच्या कॉकवाल्यांना उत्तर देत होते. माझी युनियन कशावर चालत होती? कायम कामगारांच्या वर्गणीवर. ती पगारातून कापून आयती येत होती. मग मी कोणाला उत्तर देत होतो? ज्यांची वर्गणी येत होती त्यांनाच. टाकी साफ करणाऱ्याकडून मी एक पैसा घेत नव्हतो आणि म्हणूनच मी त्याचा देणेकरी नव्हतो. मला वाटे की त्याच्याकडून वर्गणी न घेणे ही माझी दया आहे. ती दया नव्हती. ज्याच्याकडून काही घेत नाही त्याला काही द्यावे लागत नाही, ही ती युक्ती होती, आणि ती मला स्वतःलाही कळली नव्हती.

त्याच पुस्तकाने मला फ्रँक कोकोरीचे नाव सांगितले. नायजेरियातील तेल कामगारांच्या युनियनचा हा सरचिटणीस. १९९३ च्या जूनमध्ये तेथे निवडणूक झाली, अबिओला नावाचा योरुबा पुढारी निवडून येत होता, आणि लष्कराने निवडणूकच रद्द केली. १९९४ च्या जुलैत तेल कामगारांनी संप केला. पगारासाठी नव्हे, बोनससाठी नव्हे. साऱ्या देशाने दिलेले मत मानावे म्हणून. कोकोरी स्वतः योरुबा नव्हता, तेलाच्या मुलखातल्या उर्होबो जमातीचा होता. दुसऱ्या जमातीच्या माणसाच्या मतासाठी त्याने देशाचा कॉक बंद केला. सरकारने युनियनची कार्यकारिणी बरखास्त केली, त्याला पकडले आणि जवळजवळ चार वर्षे तुरुंगात ठेवले. सुटला तो १९९८ साली, लष्करशहा मेल्यावर. संप हरला असे त्या वेळी म्हणाले. पण १९९९ साली लोकनियुक्त सरकार आले, ते अशाच हरलेल्या संपांच्या पायऱ्यांवरून आले.

पुढे मी आमच्या युनियनच्या घटनेत दुरुस्ती मांडली, की कंत्राटी कामगारही सभासद होऊ शकेल, थोडी का होईना वर्गणी देईल आणि मत देईल. आमच्याच लोकांनी विरोध केला. "आमच्या ताटात वाटेकरी कशाला?" असे म्हणाले. दुरुस्ती मंजूर झाली. मात्र त्याच वर्षी मी कमिटीची निवडणूक हरलो. कंत्राटी माणसांना पगाराची पावती मिळू लागली, भविष्यनिर्वाहाचे खाते मिळाले, कॅन्टीनमध्ये बसण्याची जागा मिळाली. कायम किती झाले? फार थोडे. तो टाकी साफ करणारा त्यांत नव्हता. त्याने सांगितल्याप्रमाणे पुढच्या करारापर्यंत तो कामावर नव्हता. हे मी आपल्यापुढे गोड करून सांगणार नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्या सर्वांचा हिशेब. आपले सरकार नायजेरियासारखे तेल विकून जगत नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंचाऐंशीहून अधिक भाग आपण बाहेरून आणतो. आपले सरकार तेलावर जगते ते दुसऱ्या रीतीने: आपण पंपावर देतो त्या करावर. केंद्राचा अबकारी कर, राज्याचा व्हॅट. रिक्षावाला देतो, भाजीचा टेम्पो देतो आणि तो भाजीच्या भावात तुम्ही देता. म्हणजे येथे कॉक जमिनीत नाही. तो तुमच्या खिशात आहे. आणि म्हणून तुम्ही टाकी साफ करणाऱ्याच्या जागी नाही, वर्गणीदाराच्या जागी आहात. वर्गणीदाराने हिशेब मागितला नाही तर दोष कोणाचा?

आणि हिशेब मागताना ज्यांची ओळ गळली आहे त्यांची ओळ आधी वाचा. ती फार दूर नाही, माहूललाच आहे. शहरातल्या जलवाहिन्यांच्या कडेच्या झोपड्या उठविल्या आणि ती माणसे कारखान्यांच्या कुशीतल्या इमारतींत आणून ठेवली. २०१५ साली हरित लवादाने सांगितले की तेथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की लोकांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. त्या हवेतून ज्याचा फायदा होतो तो वेगळा आणि ती हवा ज्याच्या छातीत जाते तो वेगळा. नायजरच्या खाडीचे सारे दुःख या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य येथून दोन कोसांवर घडते.

मी काही मोठे उपाय सांगणार नाही. एकच मागणे मागतो. आपल्या प्रत्येकाच्या हातात कसला तरी कॉक आहे. कोणी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कोणी शाळेच्या समितीवर आहे, कोणी युनियनमध्ये आहे, कोणी घरचा कर्ता आहे. आपला पुढचा हिशेब वाचताना शेवटी एकदा थांबा आणि विचारा, की यात कोणाची ओळ आलेली नाही? वॉचमनची? कचरा उचलणाऱ्या बाईची? तिला विचारा, आणि तिच्याकडून चार आणे का होईना वर्गणी घ्या. वर्गणी घेतली की उत्तर द्यावे लागते. उत्तर द्यावे लागले की माणूस सरळ राहतो, आणि सरकारही.

आज घरी जाताना माहूलच्या बाजूला तो दिवा दिसेल. तो कंपनीचा नाही, मंत्र्याचा नाही, युनियनचाही नाही. त्याचे तेल कोणाचे यावर वाद चालू राहील. हिशेब मात्र आपला आहे, आणि तो मागावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही.